व्हीनस आणि नेपच्यून सागरतळ वेधशाळा

व्हीनस आणि नेपच्यून या कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत असलेल्या, समुद्रतळावरील तारजोडणीच्या वेधशाळा आहेत. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या पुढाकाराने २००७ मध्ये स्थापन झालेली ओशन नेटवर्क्स कॅनडा ही संस्था त्यांचे संचालन करते. जहाजावरून किंवा तरंगत्या बोयांवरून घेतलेल्या नोंदी तुटक असतात. याउलट या वेधशाळांतील उपकरणांना किनाऱ्यावरून अखंड वीज मिळते आणि त्यांची मोजमापे प्रकाशतंतूंच्या केबलद्वारे तत्काळ किनाऱ्यावर पोहोचतात. ही माहिती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहे.

इतिहास आणि विस्तार

व्हीनस ही उथळ, किनारी पाण्यातील वेधशाळा आहे. तिचा पहिला भाग २००६ मध्ये व्हँकुव्हर बेटावरील सॅनिच इनलेट या खाडीत सुमारे १०० मीटर खोलीवर सुरू झाला. २००८ मध्ये जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत दुसरा भाग कार्यान्वित झाला. नेपच्यून ही खोल समुद्रातील वेधशाळा २००९ मध्ये सुरू झाली. तिची सुमारे ८०० किलोमीटर लांबीची केबल पोर्ट अल्बर्नी येथून निघते आणि वळसा घेऊन तेथेच परत येते. त्यामुळे केबल एका ठिकाणी तुटली, तरी दुसऱ्या बाजूने वीजपुरवठा करता येतो. किनाऱ्याजवळची फोल्गर खिंड, बार्कली घळई, क्लेयोक्वॉट उतार, सुमारे २,६६० मीटर खोलीवरील कॅस्केडिया खोरे आणि एंडेव्हर सागरी कटक ही तिची प्रमुख केंद्रे आहेत.

रचना

किनाऱ्यावरील केंद्रातून नेपच्यूनच्या केबलमध्ये १०,००० व्होल्टपर्यंत दाबाची एकदिश वीज सोडली जाते. समुद्रतळावरील केंद्रपेट्या हा दाब ४०० व्होल्टपर्यंत उतरवतात. त्यांना जोडलेल्या लहान पेट्यांतून प्रत्येक उपकरणाला आवश्यक तेवढी वीज मिळते. पाण्याचे तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू, दाब आणि प्रवाहांचा वेग मोजणारी उपकरणे, भूकंपमापक, हायड्रोफोन आणि कॅमेरे येथे बसवलेले आहेत.

देखभाल

सागरतळ वेधशाळेचे यश तिच्या उभारणीइतकेच नियमित देखभालीवर अवलंबून असते. खारे पाणी, प्रचंड दाब आणि सागरी जीव ही उपकरणांच्या नादुरुस्तीची मुख्य कारणे आहेत. गंज टाळण्यासाठी अनेक पेट्या टायटॅनियमच्या बनवतात. इतर धातूंच्या सांगाड्यांना जस्ताचे ठोकळे जोडतात; हे ठोकळे आधी झिजतात आणि सांगाडा वाचतो. उथळ पाण्यात बार्नेकल, समुद्रफुले आणि जिवाणूंचे थर भिंगांवर व संवेदकांवर वाढतात. त्यांना रोखण्यासाठी तांब्याचे भाग, पुसणी किंवा अतिनील किरण वापरले जातात. मासेमारीच्या ओढजाळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून केंद्रपेट्या उतरत्या कडांच्या मजबूत चौकटीत ठेवतात.

देखभालीसाठी ठरावीक काळाने जहाजमोहिमा काढल्या जातात. दूरनियंत्रित यान तळाशी उतरते आणि आपल्या यांत्रिक हातांनी पाण्याखालीच उघडता व जोडता येणाऱ्या जोडण्या बदलते. या कामासाठी रोपोस हे ५,००० मीटर खोलीपर्यंत जाणारे कॅनडाचे यान वापरले गेले आहे. वर आणलेल्या संवेदकांची प्रयोगशाळेत पुन्हा प्रमाणीकरण चाचणी होते. ही चाचणी न झाल्यास पाण्यातील खरा बदल आणि उपकरणात हळूहळू वाढत गेलेली चूक यांत फरक करता येत नाही. दीर्घकालीन नोंदींची विश्वासार्हता म्हणूनच या कामावर अवलंबून असते.

किनारी समुद्रतळाचा अभ्यास

सॅनिच इनलेटच्या मुखाशी पाण्याखाली उंचवटा असल्याने आतील खोल पाण्याची बाहेरील समुद्राशी देवाणघेवाण मर्यादित राहते. वर्षाचा बराच काळ तळाशी प्राणवायू अत्यल्प असतो किंवा मुळीच नसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत बाहेरचे जड, प्राणवायूयुक्त पाणी आत शिरते. त्यामुळे प्राणवायूची घट सागरी जीव कशी सोसतात, हे पाहण्याची ही नैसर्गिक प्रयोगशाळा ठरली आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या न्यायवैद्यक संशोधक गेल अँडरसन यांनी येथे डुकरांची मृत शरीरे तळाशी ठेवून त्यांच्या विघटनाचे कॅमेऱ्याद्वारे निरीक्षण केले. प्राणवायू पुरेसा असताना खेकडे व कोळंबीवर्गीय प्राण्यांनी शरीर लवकर संपवले. तो कमी असताना विघटन फार लांबले. समुद्रात सापडलेल्या मानवी देहांच्या तपासाला या अभ्यासाचा उपयोग होतो.

फ्रेझर नदी जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत दरवर्षी लक्षावधी टन गाळ आणून टाकते. तिच्या त्रिभुज प्रदेशाचा पाण्याखालील उतार अस्थिर असून तेथून गाळाचे वेगवान प्रवाह खाली घसरतात. २०१२ मध्ये अशाच एका प्रवाहाने सुमारे एक टन वजनाचा उपकरणमंच उलथवला आणि त्याची चिलखती केबल तोडली. या घटनेने समुद्रतळावरील केबल व बांधकामांना असलेल्या धोक्याची थेट नोंद मिळाली.

बार्कली घळईत मिथेन हायड्रेट, म्हणजे मिथेन वायू आणि पाणी यांचे बर्फासारखे संयुग, तळावर उघडे आढळते. २००० मध्ये एका मासेमारी जहाजाच्या जाळ्यात त्याचे मोठे तुकडे आल्याने हा साठा प्रकाशात आला. येथे वॉली नावाचे पट्ट्यांवर चालणारे यान जर्मनीतील ब्रेमेन येथून इंटरनेटद्वारे चालवले गेले.

भूकंप आणि त्सुनामी

या किनाऱ्याजवळ हुआन दे फुका भूपट्ट उत्तर अमेरिकी भूपट्टाखाली सरकतो. २६ जानेवारी १७०० रोजी येथे सुमारे ९ प्रतीचा भूकंप झाला. त्याची तारीख मुख्यतः जपानमधील त्सुनामीच्या लेखी नोंदींवरून निश्चित झाली. व्हँकुव्हर बेटावरील आदिवासी समाजांच्या मौखिक परंपरेतही त्या रात्री वाहून गेलेल्या वस्तीची आठवण जपलेली आहे. असा भूकंप पुन्हा होणे संभाव्य मानले जाते. समुद्रतळावरील भूकंपमापक वेगवान प्राथमिक लहरी आधी टिपतात. त्यामुळे विध्वंसक लहरी वस्तीपर्यंत पोहोचण्यापूर्वी काही सेकंदांची सूचना देता येते. हे भूकंपाचे भाकीत नसते. तळावरील दाबमापक त्सुनामीची उंची खुल्या समुद्रातच नोंदवतात. २०११ च्या जपानमधील त्सुनामीची नोंद नेपच्यूनवर झाली होती.

इतर सागरतळ वेधशाळा

अमेरिकेतील माँटेरे उपसागरात मार्स ही वेधशाळा ८९१ मीटर खोलीवर आहे. जपानमध्ये डोनेट आणि १५० निरीक्षण केंद्रांची एस-नेट ही जाळी भूकंप व त्सुनामीच्या सूचनेसाठी उभारण्यात आली आहेत.

हे सुद्धा पहा

समुद्रविज्ञान
त्सुनामी
भूपट्ट सांरचनिकी
मिथेन हायड्रेट