थॅडियस स्टीव्हन्स

थॅडियस स्टीव्हन्स (४ एप्रिल, १७९२ – ११ ऑगस्ट, १८६८) हे अमेरिकेतील वकील व राजकारणी होते. १८४९ ते १८५३ आणि १८५९ पासून मृत्यूपर्यंत ते पेनसिल्व्हेनियातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. रिपब्लिकन पक्षातील जहाल गटाचे ते प्रमुख नेते मानले जातात.

वकिली

स्टीव्हन्स यांचा जन्म व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल येथे एका गरीब कुटुंबात झाला. त्यांचा एक पाय जन्मतः अधू होता. डार्टमथ महाविद्यालयातून १८१४ मध्ये पदवी घेतल्यावर ते पेनसिल्व्हेनियात आले व १८१६ पासून गेटिसबर्ग येथे वकिली करू लागले.

पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिलेला परराज्यातील गुलाम तेथील कायद्याने मुक्त होत असे. या आधारे चॅरिटी बटलर या कृष्णवर्णीय स्त्रीने स्वातंत्र्य मागितले. १८२१ च्या या खटल्यात स्टीव्हन्स मालकाच्या बाजूने उभे राहिले. तिचे वास्तव्य सलग नव्हते, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. चॅरिटी व तिची मुले गुलामगिरीतच राहिली. गुलामगिरीचे कट्टर विरोधक म्हणून पुढे ख्याती पावलेल्या स्टीव्हन्स यांच्या चरित्रातील हा सर्वांत खटकणारा प्रसंग होय. नंतरच्या काळात त्यांनी पळून आलेल्या अनेक गुलामांची वकीलपत्रे मोबदला न घेता स्वीकारली.

राजकीय कारकीर्द

राज्य विधिमंडळात असताना १८३५ मध्ये त्यांच्या भाषणामुळे मोफत सार्वजनिक शाळांचा कायदा रद्द होण्यापासून वाचला. १८३८ च्या राज्यघटनेने मताधिकार केवळ गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला, म्हणून तिच्यावर सही करण्यास त्यांनी नकार दिला. १८४२ मध्ये ते लँकेस्टरला स्थायिक झाले.

यादवी युद्धात प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक समितीचे अध्यक्ष या नात्याने युद्धखर्चाची तरतूद त्यांच्याकडे होती. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला. युद्धानंतर बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त गुलामांच्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकर द्याव्यात, अशी योजना त्यांनी मांडली. ती स्वपक्षीयांनाही मानवली नाही. चौदाव्या घटनादुरुस्तीच्या मसुद्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता, तरी तिने कृष्णवर्णीयांना थेट मताधिकार न दिल्याने ते असमाधानी होते. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगासाठी आजारी स्टीव्हन्स यांना खुर्चीत बसवून सभागृहात आणावे लागे. सिनेटमध्ये एका मताने जॉन्सन बचावले.

मृत्यू

त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे स्टीव्हन्स यांचे निधन झाले. लँकेस्टरमधील अन्य दफनभूमींत वर्णभेदाचे नियम होते. त्यामुळे सर्व वर्णांच्या लोकांना खुल्या असलेल्या एका लहान दफनभूमीची त्यांनी निवड केली व तसे आपल्या थडग्यावर कोरून घेतले.