मार्तेनित्सा

मार्तेनित्सा : लाल आणि पांढऱ्या धाग्यांना एकत्र पीळ देऊन केलेला, वसंताच्या सुरुवातीला अंगावर घालायचा बल्गेरियातील अलंकार, तसेच तो बांधण्याचा, वागवण्याचा आणि उतरवण्याचा लोकविधी. १ मार्चला लोक तो एकमेकांच्या मनगटावर बांधतात किंवा छातीशी कपड्यावर टाचतात. पहिला करकोचा, पहिली माळभिंगरी किंवा पहिले फुललेले फळझाड नजरेला पडले की तो उतरवून झाडाच्या फांदीला बांधतात. ‘मार्त’ या मार्च महिन्याच्या बल्गेरियन नावावरून हे नाव पडले. रुमानिया आणि मोल्दोवात त्याला मर्त्सिशोर, उत्तर मॅसिडोनियात मार्तिंका, ग्रीसमध्ये मार्तिस आणि अल्बानियात वेरोरे म्हणतात. डिसेंबर २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील जेजू येथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने १ मार्चच्या या प्रथांचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. बल्गेरिया, रुमानिया, मोल्दोवा आणि उत्तर मॅसिडोनिया या चार देशांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता.

या विधीचे मर्म त्याच्या दोन टोकांत आहे. सुरुवातीची तारीख कॅलेंडरने पक्की केलेली असते. शेवटाची तारीख मात्र कुठेच छापलेली नसते. ती पाखरे आणि झाडे ठरवतात, आणि त्यांच्याकडे ज्याचे लक्ष असेल त्यालाच ती कळते. म्हणून एकाच घरातल्या दोघांच्या मार्तेनित्सा वेगवेगळ्या दिवशी उतरतात. शहरात शाळेच्या वाटेवर जंगली प्लमचे झाड फुललेले दिसले की नातवंडाचा धागा सुटतो आणि गावाकडची आजी करकोच्याची वाट पाहत आणखी कित्येक दिवस तो मनगटावर बाळगते. पावशाची हाक ऐकून पेरणीची चाहूल घेणाऱ्या शेतकऱ्याला या विधीचे तर्कशास्त्र समजावून सांगावे लागणार नाही.

घडण. सर्वांत साधी मार्तेनित्सा म्हणजे नुसता पिळलेला दोरा. एक लाल आणि एक पांढरा असे सारख्या लांबीचे दोन धागे घेतात. पूर्वी ते घरी कातलेल्या लोकरीचे असत. आता सुती धागाही चालतो. दोघे जण समोरासमोर बसून एकेक टोक धरतात आणि प्रत्येक जण आपापल्या उजवीकडे पीळ देत जातो. समोरासमोर बसल्यामुळे दोन्ही टोकांचे पीळ एकमेकांना मारक न होता दोऱ्यात साठत जातात. दोरा इतका ताठ होतो की जरा ढिला सोडला तर जागोजागी वेटोळी पडू लागतात. मग मध्यावर बोट ठेवून तो दुमडायचा आणि टोके जुळवून बोट काढून घ्यायचे. साठलेला पीळ सुटायला पाहतो आणि सुटता सुटता दोन्ही पदर एकमेकांभोवती उलट्या दिशेने गुंडाळले जातात. हा उलटा पीळ आणि आतला सुलटा पीळ एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे गोंद किंवा टाका न वापरता दोरा पुन्हा उकलत नाही. दोन्ही टोकांना गाठ मारून एकीकडे लाल आणि दुसरीकडे पांढरा गोंडा सोडला की अलंकार तयार होतो.

याच धाग्यांची एक बाहुल्यांची जोडीही करतात. तिची नावे पिझो आणि पेंदा. पिझो हा पुरुष, बहुतेक पांढरा. पेंदा ही स्त्री, बहुतेक लाल. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर धाग्याचे वीसपंचवीस वेढे घेऊन ती लडी अलगद काढायची, वरच्या टोकाखाली दोरा आवळून डोके करायचे. दुसरी, छोटी लडी आडवी घालून तिचे हात करायचे आणि त्यांच्याखाली कंबर बांधायची. इथपर्यंत दोन्ही बाहुल्या सारख्याच असतात. कंबरेखालचे धागे दोन भागांत विभागून प्रत्येक भाग तळाशी बांधला तर पाय होतात आणि पिझो उभा राहतो. तेच धागे कापून मोकळे सोडले तर घागरा होतो आणि पेंदा तयार होते. दोघांना एका लाल-पांढऱ्या दोऱ्याने जोडतात. फेब्रुवारीच्या अखेरीस बालवाड्यांत मुले हेच करत बसलेली असतात. चार वर्षांच्या मुलाला जमेल इतके हे काम सोपे आहे, तरी आवळलेल्या मानेचा ताण आणि गोंड्याची समान कातरणी पाहून सरावलेला हात लगेच ओळखू येतो.

रंगांच्या बाबतीत सगळीकडे एकच नियम नाही. लाल-पांढरा जोड सर्वत्र आढळतो, पण रोदोपी पर्वतातल्या गावांत रंगीबेरंगी धागे वापरण्याची रीत होती आणि काही भागांत निळा धागाही येतो. पांढरा म्हणजे विरणारे बर्फ आणि निर्मळपणा, लाल म्हणजे सूर्य, रक्त आणि जीव, असा अर्थ आज सांगितला जातो. त्यापेक्षा जुनी आणि अधिक पटणारी समजूत लाल रंगाच्या राखण्याच्या शक्तीची आहे. म्हणूनच हा धागा माणसांपुरता राहिला नाही. नव्या कोकरांच्या आणि वासरांच्या गळ्यात, फळझाडांच्या खोडांना आणि दारांनाही तो बांधला जाई. जे जे नाजूक आणि नव्याने वाढणारे, त्याला थंडीच्या शेवटच्या फटक्यापासून जपायचे, हा त्यामागचा हेतू होता.

बाबा मार्ता. बल्गेरियन भाषेत बाबा म्हणजे आजी. मार्च महिना ही लोककथांत एक लहरी म्हातारी आहे. बाकीचे महिने तिचे भाऊ आणि ती एकटी बहीण. जानेवारी आणि फेब्रुवारी या तिच्या दोन भावांना थोरला आणि धाकटा सेच्को म्हणतात. त्यांनी तिच्या वाट्याची वाइन पिऊन टाकली म्हणून ती रागावते, असे गावोगाव सांगतात. ती हसली की ऊन पडते, चिडली की पुन्हा हिमवर्षाव सुरू होतो. बाल्कन प्रदेशातल्या मार्चचे याहून नेमके वर्णन हवामान खात्यालाही साधणार नाही. तिची मर्जी राखण्यासाठी १ मार्चच्या आधी घर झाडून पुसून लख्ख करतात. त्या दिवशी पहाटे अंगणात, कुंपणावर किंवा झाडावर लाल कापड टाकण्याची प्रथा होती. घरातली वडीलधारी बाई सूर्योदयापूर्वीच मुलांच्या मनगटाला धागा बांधत असे. आज ऑफिसात, शाळेत, रस्त्यात एकमेकांना ‘चेस्तिता बाबा मार्ता’, म्हणजे मार्ताआजीच्या दिवसाच्या शुभेच्छा, असे म्हणत धागे बांधले जातात. मार्तेनित्सा ही द्यायची आणि घ्यायची वस्तू आहे, स्वतःसाठी विकत घ्यायची नाही. त्यामुळे पुष्कळ मित्र असलेल्या माणसाचे मनगट महिनाभर कोपरापर्यंत लाल-पांढरे झालेले असते.

उतरवणे. पांढरा करकोचा आफ्रिकेत हिवाळा काढून नाईलच्या खोऱ्यातून आणि मध्यपूर्वेवरून उत्तरेला येतो. हा मोठ्या पंखांचा पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेच्या झोतांवर तरंगत जातो. पाण्यावर असे झोत नीट तयार होत नाहीत, म्हणून तो भूमध्य समुद्र ओलांडण्याऐवजी वळसा घालून बॉस्फोरसच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून युरोपात शिरतो. तिथून काळ्या समुद्राच्या किनाऱ्याने वर जाणारा पक्ष्यांचा मार्ग थेट बल्गेरियावरून जातो. मार्चच्या उत्तरार्धात करकोचे विजेच्या खांबांवरच्या आणि धुराड्यांवरच्या आपल्या जुन्या घरट्यांत परततात. प्लोव्दिवजवळचे बेलोझेम हे गाव तर करकोच्यांसाठीच ओळखले जाते. शहरातल्या माणसाला करकोचा दिसेलच असे नाही, त्याच्यासाठी फुललेले झाड आहे : जंगली प्लम, बदाम, जर्दाळू, पीच.

धाग्याची विल्हेवाट प्रदेशानुसार बदलते. बहुतेक ठिकाणी तो फळझाडाला बांधतात. काही ठिकाणी तो दगडाखाली ठेवतात आणि काही दिवसांनी, बहुधा नऊ, दगड उचलून पाहतात. खाली मुंग्या असतील तर त्या वर्षी मेंढरे वाढतील, मोठा किडा असेल तर गुरे, आणि कोळी दिसला तर वर्ष अडचणीचे. मला हा भाग या विधीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शकुन पाहण्याच्या निमित्ताने का होईना, वर्षातून एकदा मुलांना दगडाखालची ओल आणि तिथली हालचाल वाकून बघायला लावणारे सण फार थोडे आहेत.

शेजारचे देश. रुमानियातला मर्त्सिशोर अधिक दागिन्यासारखा आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक सिमिओन फ्लोरेआ मरिआन यांनी मोल्दाविया आणि बुकोविना भागांतली जुनी रीत नोंदवली आहे. मुले सोन्याचे किंवा चांदीचे नाणे लाल-पांढऱ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. मुली बारा दिवसांनी तो दोरा केसांत बांधत. करकोचे येऊन झाडे फुलली की दोरा फांदीला जाई आणि नाण्याचे ताजे चीज विकत घेतले जाई, कांती वर्षभर त्या चीजसारखी गोरी राहावी म्हणून. पुढे नाण्याच्या जागी लहान पदके आणि फुले आली आणि शहरांतून पुरुषांनी स्त्रियांना ती भेट देण्याची पद्धत रूढ झाली. तिथेही एक म्हातारी आहे, बाबा दोकिया. ऊन पडले म्हणून ती एकामागून एक नऊ कोट काढून टाकते आणि परतलेल्या थंडीत गोठून दगड होते. १ ते ९ मार्च हे तिचे दिवस. त्यांतला एक दिवस आधी निवडायचा आणि त्या दिवशीच्या हवेवरून आपले वर्ष कसे जाईल ते ताडायचे. मोल्दोवाची राजधानी किशिनाव येथे १९६७ पासून मर्त्सिशोर याच नावाचा संगीत महोत्सव होतो. ग्रीसमध्ये मुलांना हा धागा मार्चच्या उन्हाने चेहरा रापू नये म्हणून बांधतात.

अल्बानियाचे उदाहरण तारखेच्या दृष्टीने फार बोलके आहे. तिथला दिता ए वेरेस हा ऋतुबदलाचा सण १४ मार्चला असतो, त्याचे मुख्य केंद्र एल्बासान हे शहर, आणि २००४ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. १४ मार्च म्हणजे जुन्या जूलियन कॅलेंडरप्रमाणे १ मार्च. मुलांच्या मनगटावरचा वेरोरे या सणाला उतरवून झुडपावर ठेवतात, पाखरांनी तो घरट्यासाठी न्यावा म्हणून. बल्गेरियाने १९१६ मध्ये कॅलेंडर बदलले, ३१ मार्चनंतरचा दिवस १४ एप्रिल धरला, आणि मार्तेनित्साने नव्या कॅलेंडरचा १ मार्च स्वीकारला. परिणामी विधीची सुरुवात ऋतूच्या मानाने तेरा दिवस अलीकडे सरकली. करकोचे आणि प्लमची झाडे कॅलेंडर पाळत नाहीत, ती आपल्या वेळेलाच आली. पूर्वी पंधरवड्याची असलेली प्रतीक्षा त्यामुळे सुमारे महिन्याची झाली. हा बदल विधीला सहज सोसला, कारण त्याचे शेवटचे टोक आधीपासूनच मोकळे होते.

उगम. एका लोकप्रिय दंतकथेनुसार ६८१ मध्ये बल्गेरियन राज्य स्थापणाऱ्या खान अस्पारुखाला संदेश नेणाऱ्या पक्ष्याच्या पायाला पांढरा धागा बांधलेला होता. पक्षी बाणाने जखमी झाला, धागा रक्ताने भिजला आणि पहिली मार्तेनित्सा झाली. कथा चित्तवेधक आहे आणि शाळांतून आवडीने सांगितली जाते, पण तिला ऐतिहासिक आधार नाही. एकच धागा, एकच तारीख आणि एकच करकोचा पाच-सहा देशांत, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांत सापडतो, तेव्हा त्याचे श्रेय एका राजाला देण्यात अर्थ नाही. प्राचीन रोममध्ये एके काळी वर्षाची सुरुवात १ मार्चला होत असे, आणि हा विधी जुन्या नववर्षाचा अवशेष असावा हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

स्वरूप. या विधीला पुरोहित लागत नाही, प्रार्थना नाही, नैवेद्य नाही, ठरलेली जागा नाही. बल्गेरियात १ मार्चला सरकारी सुट्टीही नसते. ती दोन दिवसांनी, ३ मार्चच्या राष्ट्रीय दिनाला असते. ऑर्थोडॉक्स चर्चने ही प्रथा कधी आपली म्हटली नाही आणि काही धर्मगुरू तिला ख्रिस्तपूर्व अंधश्रद्धा मानतात. चर्चशी नाते नसल्यामुळेच समाजवादी राजवटीत धार्मिक सणांवर आलेले दडपण तिच्यापर्यंत पोचले नाही. ख्रिस्ती, मुसलमान, नास्तिक असे सगळेच ती बांधतात. बाबा मार्तावर कोणी श्रद्धा ठेवत नाही, तरी धागा वेळेआधी सोडायला माणसे कचरतात. विधी टिकायला दैवत लागतेच असे नाही, हे या देशाइतके स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दिसते.

आजची स्थिती. फेब्रुवारी लागला की बल्गेरियातल्या शहरांत रस्त्याकडेला मार्तेनित्सांचे ठेले लागतात. त्यांवर हाताने पिळलेल्या लोकरीच्या शेजारी प्लॅस्टिकचे मणी, कार्टूनमधली पात्रे आणि कारखान्यातून आलेला कृत्रिम धागा असतो. स्वस्त माल घेऊ नये असे म्हणणे सोपे आहे, पण पन्नास जणांना धागे बांधायचे असतील तर पुष्कळांना तोच परवडतो. खरी अडचण मार्च संपल्यावर सुरू होते. लोकर आणि सूत काही ऋतूंत कुजून गळून पडतात. नायलॉन वर्षानुवर्षे फांदीवर राहतो. फांदी जाड होत जाते, घट्ट निरगाठ मात्र तेवढीच राहते आणि साल कापत आत रुतते. मोकळ्या लोंबत्या धाग्यात पाखरांचे पाय अडकण्याचाही धोका असतो. म्हणून बल्गेरियातले पक्षिमित्र आणि वृक्षप्रेमी दर वसंतात सांगतात की धागा सुताचा किंवा लोकरीचा घ्यावा, कोवळ्या रोपाऐवजी जाणत्या झाडाची फांदी निवडावी, बोट आत जाईल इतकी सैल गाठ मारावी आणि उन्हाळ्याच्या तोंडी जाऊन ती सोडून आणावी.