‘व्यक्ती’ या शब्दाचे सामर्थ्य : कॅलिफोर्नियातील चिनी स्थलांतरित

परदेशात वास्तव्य करणाऱ्या मनुष्यास मताधिकार नसतो. साहजिकच आपल्या हिताचे कायदे करवून घेणे त्यास शक्य नसते. अशा वेळी न्यायालय त्याच्या कितपत उपयोगी पडते, या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी समाजाचा इतिहास उद्‌बोधक आहे.

१८४९ नंतर सोन्याच्या शोधार्थ व पुढे लोहमार्गाच्या कामावर हे लोक कॅलिफोर्नियात आले. १८५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या मनुष्याविरुद्ध चिनी मनुष्याची साक्ष अग्राह्य ठरविली. परंतु १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण केवळ नागरिकास न देता ‘कोणत्याही व्यक्ती’स दिले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी योजलेली ही तरतूद पुढे चिनी धोब्यांच्या कामी आली.

१८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने लाकडी इमारतीतील धुलाईगृहांस पर्यवेक्षक मंडळाची अनुज्ञा आवश्यक केली. शहरातील सुमारे ३२० धुलाईगृहांपैकी सुमारे ३१० लाकडी होती. अनुज्ञा मागणाऱ्या सुमारे २०० चिनी अर्जदारांना ती नाकारण्यात आली. इतर सुमारे ८० जणांना मात्र एक अपवाद वगळता ती मिळाली. बावीस वर्षे एकाच जागी धंदा करणाऱ्या यिक वो यास दहा डॉलर दंड झाला व तो न भरल्यामुळे कारावास घडला. हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरणाच्या, अर्जाद्वारे हे प्रकरण संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. नियमाची भाषा निःपक्षपाती असली, तरी त्याची अंमलबजावणी पक्षपाती असल्यास समतेचा भंग होतो, असा निर्णय १८८६ मध्ये न्यायमूर्ती स्टॅन्ली मॅथ्यूज यांनी दिला.

तथापि या संरक्षणास मर्यादा होती. चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा १८८२ चा कायदा त्यामुळे ढळला नाही. परकीयांस प्रवेश नाकारण्याची सत्ता १८८९ मध्ये, तर त्यांना देशाबाहेर घालविण्याची सत्ता १८९३ मध्ये न्यायालयाने मान्य केली. मात्र खटला न चालविता अशा परकीयास सक्तमजुरीची शिक्षा देता येणार नाही, असे १८९६ मध्ये ठरले. थोडक्यात, देशात असलेल्या मनुष्यास कायद्याने आश्रय दिला. त्याने देशात राहावे की नाही, हा निर्णय मात्र राज्यसत्तेच्याच हाती राहिला. प्रवेशबंदीचे कायदे अखेर १९४३ मध्ये रद्द झाले, ते न्यायालयाच्या निवाड्याने नव्हे, तर विधिमंडळाच्या कृतीने.

हाच भेद भारतीय संविधानातही आढळतो. अनुच्छेद १४ मधील समता ‘व्यक्ती’स, तर अनुच्छेद १९ मधील वास्तव्याचे स्वातंत्र्य ‘नागरिका’स दिलेले आहे. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने यिक वो प्रकरणाची चर्चा केली. एका धोब्याच्या दंडातून निघालेले हे तत्त्व येणेप्रमाणे भारतीय न्यायशास्त्राच्याही विचारकक्षेत आले.