दृष्टीच्या उड्या

नजर रोखून पाहावें म्हणजे नीट दिसतें, ही समजूत फार जुनी आहे. वाचकाची दृष्टिहि ओळीवरून संथपणें सरकत जाते, असेंच सामान्यतः वाटतें. १८७९ सालीं प्राग येथें एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून डोळ्यांच्या स्नायूंचा आवाज ऐकला. वाचतांना तो आवाज सलग येईना. थांबून थांबून येई. नजर सरकत नव्हती, उड्या घेत होती.

त्याच सुमारास पॅरिसमध्यें एमिल जावाल यांच्याकडेहि हें संशोधन चाललें होतें. जावाल मूळचे खाणींचे अभियंते. बहिणीच्या तिरळेपणामुळें ते नेत्रवैद्यकाकडे वळले. लगामाच्या हिसक्यास फ्रेंच भाषेंत 'साकाद' म्हणतात. डोळ्याच्या उडीला हें घोडेस्वाराचें नांव त्यांच्या लेखनांतून मिळालें, आणि तें फारच चपखल आहे.

डोळ्याला ही धांवपळ करावी लागते, कारण दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका चिमुकल्या खळग्यासच बारीक तपशील दिसतो. हात लांब करून अंगठा धरावा. त्याच्या नखाएवढाच भाग एका वेळीं स्पष्ट दिसतो, भोंवतालचें सारें पुसट. म्हणून डोळा दर सेकंदास सुमारें ३ उड्या घेऊन नवा नवा भाग त्या खळग्यासमोर आणतो. उडीच्या क्षणीं तो जवळजवळ आंधळाच असतो. श्रोत्यांनीं आरशांत आपल्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नजर न्यावी. डोळे हललेले मुळींच दिसणार नाहींत; शेजारीं उभ्या असलेल्यास मात्र दिसतील!

१९०० सालीं काचबिंदूनें जावाल पूर्ण अंध झाले. तरीहि वाचन व लेखन यांच्या शरीरशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. इतरांचे डोळे ओळीवरून कसे जातात हें सांगणाऱ्या या ग्रंथकारास त्यांतील एकहि ओळ स्वतः वाचतां येत नव्हती.

एका जागीं रोखलेला डोळाहि सूक्ष्मपणें थरथरत असतो. ही थरथरहि निष्फळ केली तर? विसाव्या शतकाच्या मध्यास मॉस्कोच्या आल्फ्रेड यार्बुस यांनीं एक इवलीशी टोपी चोषणानें थेट डोळ्यावर बसविली. तिच्यांतील चित्र डोळ्याबरोबरच हले. त्यामुळें दृष्टिपटलावरील प्रतिमा अचल राहिली. कांहीं सेकंदांतच तें चित्र विरूं लागलें. डोळा उघडा होता, प्रकाश होता, चित्रहि समोरच होतें. पाहणाऱ्यास मात्र रित्या पोकळीखेरीज कांहीं दिसेना.