व्यायामानंतर अंग दुखले म्हणजेच प्रगती झाली का?

जिम सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, केस विंचरायला हात वर होत नाही. बऱ्याच जणांना याचे समाधानच वाटते, कारण "अंग आंबले म्हणजे व्यायाम लागला" असे आपण ऐकत आलो आहोत. मग काही आठवड्यांनी दुखणे थांबते आणि शंका येते, की आता व्यायामाचा उपयोग होत नाही का? या शंकेपोटी काही जण एकदम वजन वाढवतात आणि दुखापत करून घेतात.

थोडक्यात उत्तर असे: अंग दुखणे हे स्नायूंना नवीन किंवा सवयीपेक्षा जास्त काम पडल्याचे लक्षण आहे. ते प्रगतीचे मोजमाप नाही.

अंग का आंबते?

हे दुखणे साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होते, 1 ते 3 दिवसांत सर्वाधिक असते आणि बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप जाते.

त्यासाठी लॅक्टिक अ‍ॅसिडला दोष दिला जातो, पण ते बरोबर नाही. व्यायामात वाढलेले लॅक्टेट तास-दीड तासात पूर्वपातळीवर येते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे कारण ते असू शकत नाही. स्नायूंच्या तंतूंना आणि त्यांच्या आवरणाला झालेली सूक्ष्म इजा आणि त्यानंतर येणारा दाह यांमुळे तो भाग हळवा होतो.

स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो तेव्हा अशी इजा अधिक होते. डंबेल सावकाश खाली आणताना किंवा बैठकेत खाली जाताना हेच घडते. गड चढताना दम लागतो, पण मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे, त्याचे कारणही हेच.

दुखणे कमी झाले तर?

ही चांगली खूण आहे. तोच व्यायाम पुन्हा केला की स्नायू त्याला जुळवून घेतात आणि दुसऱ्या खेपेला दुखणे बरेच कमी होते. स्नायूंची वाढ मात्र चालूच राहू शकते. त्यासाठी हळूहळू वाढणारा भार, पुरेशी प्रथिने, झोप आणि सातत्य लागते. वेदना लागत नाही.

उलट, खूप दुखणाऱ्या स्नायूची ताकद काही दिवस कमी असते. दर वेळी अंग ठणकेपर्यंत व्यायाम केला, तर पुढचे दोन-तीन दिवस वाया जातात आणि एकूण व्यायाम कमीच होतो.

प्रगती कशी ओळखावी?

एक छोटी वही ठेवा आणि दर वेळी वजन व आवर्तने लिहा. खालील बदल दिसले तर तुम्ही पुढे जात आहात:

- तेच वजन पूर्वीपेक्षा जास्त वेळा, योग्य पद्धतीने उचलता येते.
- दोन सेटमध्ये कमी विश्रांती पुरते.
- रोजची कामे सोपी होतात: गॅस सिलिंडर सरकवणे, जमिनीवरून हात न टेकता उठणे, पिशव्या घेऊन जिना चढणे.

पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद प्रामुख्याने मेंदू आणि नसा स्नायूंचा वापर अधिक चांगला करू लागल्याने येते. आकारातला फरक डोळ्यांना दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात.

अंग दुखत असताना काय करावे?

- सौम्य दुखण्यात चालणे, हलका व्यायाम किंवा शरीराच्या दुसऱ्या भागाचा व्यायाम चालतो.
- जास्त दुखत असेल तर त्या स्नायूंना एक-दोन दिवस विश्रांती द्या.
- शेक किंवा हलक्या मसाजने तात्पुरता आराम मिळतो.
- आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर अधिकच जपा.
- मोठ्या खंडानंतर व्यायाम सुरू करताना पूर्वीच्या निम्म्याच भाराने सुरुवात करा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लगेच रुग्णालयात जा, जर:

- लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली असेल, लघवीचे प्रमाण घटले असेल, किंवा स्नायू खूप सुजून कडक झाले असतील व हातपाय हलवणे कठीण जात असेल. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातील मायोग्लोबिन रक्तात उतरल्याची ही लक्षणे असू शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.
- छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी वेदना, धाप किंवा थंड घाम असेल. "काल छातीचा व्यायाम केला होता" म्हणून वाट पाहू नका.

एक-दोन दिवसांत तपासून घ्या, जर:

- व्यायाम करतानाच अचानक कळ आली असेल, 'कट' असा आवाज झाला असेल किंवा काळे-निळे पडले असेल.
- दुखणे स्नायूत नसून सांध्यात असेल, किंवा एकाच बाजूला असेल.
- एकाच पोटरीत सूज व दुखणे असेल. रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी पाहावे लागते.
- आठवडा उलटूनही दुखणे कमी होत नसेल.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गोळी चालू असेल आणि स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा; गोळी परस्पर बंद करू नका. सीपीके तपासणी करणार असाल तर व्यायाम केव्हा केला तेही सांगा, कारण जोरदार व्यायामानंतर निरोगी माणसाचेही सीपीके काही दिवस वाढलेले असते.

आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा करावासा वाटेल, इतकाच व्यायाम आज करा. तोच वर्षभर टिकतो.