घर दिलं की गेलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘घर दिलं की गेलं’ हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखं वापरलं जातं. निवृत्त माणूस आयुष्यभराच्या पुंजीतून दुसरी जागा घेतो. मुलगा परगावी नोकरीला जातो, जागा रिकामी पडते आणि शेजारीपाजारी सल्ला देतात, ‘कुलूप लावून ठेवा, पण भाडेकरू नको.’ हा सल्ला इतका अंगवळणी पडला आहे, की या भीतीलाही एक जन्मतारीख आहे हे आपण विसरून गेलो आहोत. ती शोधली, तर या भीतीत खरं किती आणि नुसतं ऐकीव किती, हे ध्यानात येतं. एकदोन खोल्या भाड्याने देऊन संसाराला हातभार लावू पाहणाऱ्यांना हा इतिहास उपयोगाचा आहे.

सुरुवात मुंबईतून करावी लागते. गिरण्या वाढल्या तशी कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली. एकेका खोलीत गावातले दहा-पंधरा चाकरमानी राहत. कुणी दिवसपाळीला गेला की रात्रपाळीवाला त्याच्या जागी आडवा होई. भाडं सगळे मिळून भरत. कोकणातल्या कित्येक गावांची, हिंदूंची तशी मुसलमानांचीही, अशी ‘गावाची खोली’ मुंबईत असे. या खोल्यांचे मालक म्हणजे सगळेच काही शेठ-सावकार नव्हते. कुणा व्यापाऱ्याने उतारवयाची सोय म्हणून चाळ बांधली होती, कुठे विधवेचं पोट दोन खोल्यांच्या भाड्यावर चालत होतं. देवस्थानं, मशिदींचे वक्फ, पारशी धर्मादाय न्यास यांच्याही चाळी होत्या. त्या भाड्यातून दिवाबत्ती आणि दानधर्म होत असे.

पहिल्या महायुद्धात बांधकामाचं सामान महागलं, नवी घरं होईनात, माणसांचा ओघ मात्र थांबेना. भाडी भडकली. तेव्हा १९१८ साली सरकारने कायदा करून भाड्यांना आळा घातला. तो तात्पुरता होता, पुढे संपलाही. दुसऱ्या महायुद्धात तीच परिस्थिती पुन्हा आली. पाठोपाठ फाळणी झाली आणि निर्वासितांचे लोंढे आले. अशा वेळी मुंबई सरकारने १९४७चा भाडे नियंत्रण कायदा केला. १९४८च्या फेब्रुवारीत तो अमलात आला. त्याचा गाभा साधा होता : १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते ‘प्रमाण भाडं’, आणि ते वेळेवर देणाऱ्या भाडेकरूला सबळ कारणावाचून काढायचं नाही.

त्या घडीला हा कायदा न्याय्यच होता. तो नसता तर हजारो कामगार कुटुंबं रस्त्यावर आली असती. चूक झाली ती पुढे. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक टिकला. समजा, एखाद्या चाळीत तीस खोल्या आहेत आणि दर खोलीचं भाडं दहा रुपये. महिन्याला तीनशे रुपये आले. १९४०मध्ये त्यात चाळ शाकारून, रंगवून मालकाच्या हाती चार पैसे उरत. १९७० किंवा १९८०मध्ये तेवढ्यात दुरुस्तीचा खर्चही सुटेना. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या, म्हणून १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. उपकरप्राप्त ठरलेल्या या इमारती सुरुवातीला साडेएकोणीस हजारांहून अधिक होत्या. तरीही २०१७च्या ऑगस्टअखेर भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. २०१९च्या जुलैमध्ये डोंगरीची केसरबाई इमारत पडली. ढिगाऱ्याखाली जो सापडतो, त्याचं भाडं किती स्वस्त होतं, हे विचारण्यात मग अर्थ राहत नाही.

गोठलेल्या भाड्याची दुसरी संतती म्हणजे पागडी. पागडी हा आपल्या भाषेतला मानाचा शब्द. डोक्यावरची ही अब्रू बिनपावतीच्या पैशाचं नाव होऊन बसली. भाडं वाढवता येत नाही, तर खोली हातबदल होताना एकरकमी पैसे घ्यायचे आणि त्यात मालकाचाही वाटा ठेवायचा, असा रिवाज पडला. १९४७च्या कायद्याने हा गुन्हा ठरवला होता. व्यवहार मात्र राजरोस चालू राहिला.

आता भीतीच्या जन्मतारखेकडे येऊ. कायद्याचं संरक्षण ‘भाडेकरू’ला होतं, तेव्हा मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट शोधली. यातल्या ‘लिव्ह’चा अर्थ रजा नव्हे, परवानगी. १८८२ सालच्या दोन कायद्यांत या भेदाचं मूळ आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातला भाडेपट्टा जागेत हक्क निर्माण करतो. सुविधाधिकाराच्या कायद्यातला परवाना नुसती वापरायची मुभा देतो. मालक भाडेकरू ठेवण्याऐवजी परवानाधारक ठेवू लागले. मग १९७३ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जो ज्या जागेत राहत होता, तो तिथला भाडेकरू मानला गेला. ज्याने विश्वासाने वर्षभरासाठी जागा दिली होती, त्याला एका सकाळी ती कायमची गेल्यासारखी झाली. ‘घर दिलं की गेलं’ ही धास्ती मध्यमवर्गाच्या हाडीमाशी भिनली ती तेव्हापासून.

या धास्तीची किंमत मोठी आहे. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार भारतीय शहरांतला भाड्याच्या घरांचा वाटा १९६१मध्ये ५४ टक्के होता, तो २०११मध्ये २८ टक्क्यांवर आला. त्याच अहवालात एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार घरं रिकामी असल्याची नोंद आहे. एकीकडे कुलपं आणि दुसरीकडे फुटपाथ, असं हे चित्र आहे.

कायदा मात्र दरम्यान बदलला. १९९७च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाडी गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. आता पन्नास रुपयांवर ४ टक्के म्हणजे दोनच रुपये, हेही खरं. पागडीला त्याने कायद्याच्या चौकटीत आणलं. पण लहान मालकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या तरतुदी वेगळ्याच आहेत, आणि नेमक्या त्याच लोकांना ठाऊक नसतात.

पहिली गोष्ट, अकरा महिन्यांच्या कराराची. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असं १९०८चा नोंदणी कायदा म्हणतो. ते टाळायला अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात ती २००० सालीच निकालात निघाली आहे. इथे करार अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार नोंदलेला नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं प्रथम ग्राह्य धरलं जातं. नोटरीच्या शिक्क्यावर विसंबणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसरी गोष्ट, मुदतीची. परवान्याची मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालण्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट आकाराची भरपाईही मागता येते. म्हणून मुदत संपायच्या आत नवा करार करावा. ‘चाललंय ना, चालू द्या’ म्हणत पैसे घेत राहू नये.

तिसरी गोष्ट, पावतीची. मिळालेल्या रकमेची पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे. भांडण झालं म्हणून वीज-पाणी तोडणं हा गुन्हा आहे. तसं करणारा मालक खरी बाजू असूनही खोट्यात येतो. अनामत रक्कम किती, ती कधी परत करायची, जागेत पंखे किती आणि नळ किती, हे करारात लिहावं.

चौथी गोष्ट, दुरुस्तीची. घरभाड्याच्या उत्पन्नातून प्राप्तिकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. कायद्याने ती सूट कशासाठी ठेवली, हे ओळखून तेवढा पैसा खरोखरच घरासाठी बाजूला ठेवावा. चाळींचा इतिहास याहून वेगळं काही शिकवत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच कलमात नाही. जुनी भीती आता माणसं निवडताना दिसते. कुणाच्या आडनावावर दार अडतं, कुणी एकटी बाई आहे म्हणून, कुणाच्या ताटात काय आहे यावरून. माझ्या नावाने फोन केला की ‘आत्ताच जागा गेली हो’ असं उत्तर मी एका शहरात तीनदा ऐकलं आहे. फोनवर माझी मराठी ऐकून आनंदलेले आवाज नाव ऐकल्यावर अवघडले होते. एका समाजापुरतंच सभासदत्व ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात, वैध मानला. म्हणजे इथे प्रश्न बराचसा आपल्या मनावर सोडलेला आहे. पण व्यवहार म्हणूनही पाहा. भाडं बुडवणारा माणूस आडनावावरून ओळखता येत नाही. नोकरी, आधीच्या मालकाचं मत, ओळखीचे कागद आणि नोंदलेला करार या चार गोष्टींवरून तो पुष्कळसा ओळखता येतो.

१९७३ साली मालकांचा विश्वासघात झाला, तो कागद कच्चा होता म्हणून नव्हे. कायदाच बदलला म्हणून. आजचा कायदा नोंदलेल्या करारामागे उभा आहे. तेव्हा रिकाम्या घराच्या कुलपाची किल्ली शोधायला हरकत नाही. घर दिलं की जातं, हे खरं नाही. कागद न करता दिलं, की जाऊ शकतं.