कोणाच्या कानासाठी? वेल्श लेखनाविषयी काही विचार

वेल्श ही स्वर नसलेली, व्यंजनांची रास रचणारी भाषा आहे, हा इंग्रजी जगातला जुना विनोद. सी, डब्ल्यू, एम ही तीन अक्षरे एकत्र दिसली की इंग्रजी वाचक अडखळतो. वास्तविक वेल्शमध्ये डब्ल्यू हा स्वरही आहे. शब्दाचा उच्चार सरळ 'कुम', अर्थ दरी. तेथे एक एफ म्हणजे 'व' आणि जोड-एफ म्हणजे 'फ'. इंग्रजीत टीएच ही एकच जोडी दोन भिन्न ध्वनींसाठी राबते. वेल्शमध्ये अघोष ध्वनीसाठी टीएच आणि घोष ध्वनीसाठी जोड-डी अशी स्वच्छ वाटणी आहे. आपल्या लेखनालाही 'चार' आणि 'चारा' यांतील दोन 'च' वेगळे दाखवता येत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या काटेकोरपणाचे मोल कळते.

खरी अडचण जोड-एलची. जीभ 'ल'च्या जागी ठेवून, नाद न करता तिच्या कडेने श्वास सोडायचा. इंग्रज कानाला हा ध्वनी कधी 'ल' तर कधी 'फ्ल' वाटला. म्हणूनच एकाच वेल्श नावापासून लॉइड आणि फ्लॉइड अशी दोन आडनावे झाली, आणि शेक्सपिअरच्या 'पाचव्या हेन्री'त लुवेलिनचा फ्लुएलेन झाला.

ही अडचण ओळखून पहिला हात पुढे केला तो विल्यम सॉल्सबरी या वेल्श विद्वानाने. १५३६ च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली होती. १५४७ मध्ये सॉल्सबरीने वेल्श वाचकांसाठी इंग्रजी शिकण्याचा कोश छापला आणि १५५० मध्ये वेल्श अक्षरांचे उच्चार समजावणारी पुस्तिका इंग्रजीत लिहिली. पूल दोन्ही तीरांवरून बांधायचा होता. १५६७ च्या 'नव्या करारा'त मात्र त्याने लॅटिन व्युत्पत्तीच्या मोहाने शब्दांची रूपे वाकवली, आणि ते लेखन वाचकांना जड गेले. छापखान्यात 'के'चे खिळे पुरेनात, म्हणून 'सी' वापरण्याची तडजोडही त्याचीच. ती आजतागायत टिकली. विल्यम मॉर्गनच्या १५८८ च्या बायबलने पुढे लेखनाला पुष्कळशी स्थिरता दिली.

इतिहासाची खरी गंमत पुढेच आहे. १५४७ च्या कोशात सॉल्सबरीने इंग्रजी शब्दांचे उच्चार वेल्श अक्षरांत लिहून दाखवले होते. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर एलिस जुन्या इंग्रजी उच्चारांचा शोध घेऊ लागला, तेव्हा हीच नोंद त्याला मोलाची साक्ष ठरली. इंग्रजी लेखन उच्चारापासून दूर गेले होते. ट्यूडर काळातील इंग्रजी कशी बोलली जाई हे 'अवाचनीय' म्हणून हिणवल्या गेलेल्या लिपिव्यवस्थेने जपून ठेवले होते.

तरीही दोन तीरांच्या त्या पुलावरून चालण्याचे कष्ट बहुधा एकाच बाजूला पडले. गावांची नावे इंग्रज वाचकाच्या सोयीने लिहिली गेली. 'कायरनारव्हॉन'मधील 'व'साठी वेल्श एफ जाऊन इंग्रजी व्ही आला. ध्वनी तोच, पण अक्षराचा धनी बदलला. १८४७ च्या सरकारी शिक्षण-अहवालाने तर वेल्श भाषेलाच मागासलेपणाचे कारण ठरवले. ज्यांना आपली भाषाच उणी म्हणून सांगितली गेली, ते तिच्या अक्षरांसाठी कोणत्या बळावर भांडणार?

भांडले, हे विशेष. १९६६ मध्ये लानेली या गावाच्या नावाअखेरचा इंग्रजी वळणाचा वाय जाऊन आय आला. १९७० च्या दशकात कायरनारव्हॉनचा एफ परतला. २०११ साली वेल्शला वेल्समध्ये अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला, आणि २०२२ मध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने 'एररी' हेच नाव वापरण्याचे ठरवले. मात्र २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के इतकेच होते. पाटीवर अक्षर परतले म्हणजे भाषा परतली असे नव्हे.

परंतु आमच्या मते त्या अक्षराचे मोल वेगळे आहे. लेखनपद्धती हा बोलणारा आणि वाचणारा यांच्यातील करार असतो. परक्याला तो समजावून सांगावा, सॉल्सबरीने तेच केले. परक्याच्या सोयीसाठी तो बदलणे मात्र सौजन्य नव्हे. त्यात भाषेचा स्वतःच्याच घरावरील हक्क जातो.